तोच माणूस, तीच टोपी, पण जाळं तेच येईल का?

डोक्याला घट्ट बसणारी एक टोपी असते. तिच्यात छोटे दिवे आणि त्या दिव्यांपासून जरा अंतरावर प्रकाश टिपणारे संवेदक बसवलेले असतात. माणसाने ती घालायची आणि डोळे मिटून किंवा समोरच्या एका खुणेकडे बघत पाच-दहा मिनिटं शांत बसायचं. मग संगणकाच्या पडद्यावर मेंदूचं चित्र येतं: ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. एखादी रेषा जाड, एखादी बारीक. एखादा ठिपका मोठा, कारण त्याच्याकडे जास्त रेषा येऊन मिळतात. हे या माणसाच्या मेंदूतलं जाळं, असं सांगितलं जातं.

चित्र देखणं असतं आणि त्यामुळेच त्याला उलटून प्रश्न विचारायचं राहून जातं. हाच माणूस पुढच्या आठवड्यात आला, तीच टोपी घालून तसाच बसला, तर हेच चित्र येईल का? आणि आलंच, तर जे पुन्हा आलं ते मेंदूचंच होतं का? पहिल्या प्रश्नावर गेल्या दीड दशकात बरंच काम झालं आहे. दुसरा जास्त अवघड आहे आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचाही, कारण या टोप्या आता प्रयोगशाळेतून रुग्णांच्या खाटेशी, बाळांच्या पाळण्याशी आणि शाळेतल्या मुलांच्या डोक्यावर पोचू लागल्या आहेत.

प्रकाश डोक्यात शिरतो कसा

अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर बोटं ठेवली की ती लालबुंद दिसतात. टॉर्चच्या पांढऱ्या प्रकाशातला निळा-हिरवा भाग रक्त शोषून घेतं आणि लाल भाग मांसातून वाट काढत बाहेर येतो. लाल रंगाच्या टोकाकडचा आणि त्यापुढचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश तर आणखी खोल जातो. साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटर तरंगलांबीचा हा पट्टा. त्याच्या अलीकडे हिमोग्लोबिन प्रकाश अडवतं, पलीकडे पाणी. मधल्या या फटीतून कवटीच्या आत डोकावता येतं, हे फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ साली दाखवून दिलं.

हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटलेला असला की त्याचा रंग वेगळा, नसला की वेगळा. साधारण ८०० नॅनोमीटरला दोघेही सारखाच प्रकाश शोषतात. त्याच्या खाली ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन जास्त शोषतं, वर ऑक्सिजन असलेलं. म्हणून या बिंदूच्या दोन बाजूंचे दोन रंग वापरले की दोन्ही प्रकारच्या हिमोग्लोबिनमधला बदल वेगवेगळा काढता येतो. बोटाला चिमट्यासारखा लावतात तो ऑक्सिमीटरही दोन रंगांच्या याच तत्त्वावर चालतो. डोक्यावरच्या या पद्धतीचं लांबलचक नाव फंक्शनल नीअर-इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपी. संशोधक तिला एफएनआयआरएस म्हणतात.

मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की काही सेकंदांत तिथे जास्त रक्त येतं. रक्ताचा हा ओघ पाच-सहा सेकंदांनी शिखरावर पोचतो. म्हणजे हे यंत्र चेतापेशींचं बोलणं थेट ऐकत नाही, त्या बोलण्यामागून येणारं रक्त पाहतं. एफएमआरआय, म्हणजे माणसाला मोठ्या चुंबकाच्या नळीत झोपवून मेंदूतलं रक्त पाहणारं यंत्र, त्याचंही तसंच आहे. विचार, हालचाल किंवा दृश्य यांच्यामुळे मेंदूत होणारा बदल या प्रकाशाने टिपल्याचे पहिले निकाल १९९३ साली वेगवेगळ्या गटांनी प्रसिद्ध केले.

पुढच्या सगळ्या अडचणींचं मूळ एका साध्या गोष्टीत आहे. दिवा आणि संवेदक यांच्यात साधारण तीन सेंटिमीटर अंतर ठेवतात. अशा जोडीला चॅनल म्हणतात. दिव्यातून निघालेला प्रकाश डोक्यात विखुरतो आणि त्यातला थोडासा वळसा घेऊन संवेदकापर्यंत पोचतो. हा वळसा दीडेक सेंटिमीटर खोल जातो, त्यामुळे मेंदूचा फक्त बाहेरचा थर दिसतो. स्मृतीशी आणि भावनांशी जोडलेले खोलातले भाग या यंत्राला दिसतच नाहीत. आणि संवेदकापर्यंत आलेला प्रत्येक किरण जाताना एकदा आणि येताना एकदा टाळूच्या त्वचेतून गेलेला असतो. त्वचेतही रक्त असतं. ते वाढतं, कमी होतं, लाजलं-घाबरलं तरी बदलतं. संवेदकाला त्वचेतलं रक्त आणि मेंदूतलं रक्त यांतला फरक कळत नाही.

रेषा कुठून येते

भरत बिस्वल पीएचडीचे विद्यार्थी असताना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. एफएमआरआयमध्ये माणूस काहीही न करता निवांत पडलेला असतानाही त्याच्या मेंदूतल्या डाव्या आणि उजव्या हाताच्या हालचालींचे भाग एकाच लयीत वर-खाली होत होते. ही लय फार संथ, सेकंदाला ०.१ आवर्तनाहूनही कमी. त्यातून ‘निवांत अवस्थेतलं जाळं’ ही सगळी शाखा उभी राहिली आणि २००९-१० च्या सुमारास ती प्रकाशाच्या टोप्यांवरही आली.

रेषा काढायची रीत सोपी आहे. दोन चॅनलचे आलेख घ्यायचे आणि ते किती एकसारखे वर-खाली होतात याचा सहसंबंध काढायचा. उत्तर उणे एक ते अधिक एक यांच्यामध्ये येतं. पन्नास चॅनल असतील तर अशा १,२२५ जोड्या होतात. मग एक उंबरठा ठरवायचा, त्याच्या वरच्या जोड्यांना रेषा द्यायची, खालच्या सोडून द्यायच्या. या जाळ्यावर आलेख-सिद्धान्ताची, म्हणजे ठिपके आणि रेषांच्या जाळ्यांची, गणितं चालवतात: कुठल्या बिंदूला किती रेषा, शेजारी-शेजारी आपसांत किती जोडलेले, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला किती टप्पे.

एक गोष्ट या रीतीच्या बाजूने सांगायलाच हवी. प्रकाशाने डोक्यात नेमका किती लांब प्रवास केला हे नेहमीच्या उपकरणांना कळत नाही. त्यामुळे ‘इतकं हिमोग्लोबिन आहे’ असा ठाम आकडा ती देऊ शकत नाहीत, फक्त बदल सांगतात आणि तोही अंदाजी प्रमाणात. सहसंबंध काढताना हे प्रमाण निघून जातं, कारण संपूर्ण आलेख दुप्पट केला तरी त्याचं दुसऱ्या आलेखाशी असलेलं नातं बदलत नाही. या बाबतीत जाळ्याचं मोजमाप कच्च्या आकड्यांपेक्षा सुरक्षित आहे.

‘पुन्हा तेच आलं’ हे मोजायचं कसं

यासाठी जो आकडा सर्रास वापरतात त्याचं नाव इंट्राक्लास कोरिलेशन कोइफिशंट, थोडक्यात आयसीसी. तो बहुतेक शून्य ते एकच्या दरम्यान येतो. हा आकडा वाचताना जाणकारही घसरतात, म्हणून इथे जरा थांबू या. पुढचे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत.

चार माणसं आहेत आणि आपण प्रत्येकाची एकच रेषा पाहतो आहोत. पहिल्या दिवशी तिची ताकद अनुक्रमे ०.२०, ०.३५, ०.५० आणि ०.६५ आली. आठवड्यानंतर ०.२४, ०.३२, ०.५३ आणि ०.६१. थोडं इकडे-तिकडे झालं, पण ज्याची रेषा बारीक होती त्याची बारीकच राहिली, जाड होती त्याची जाड. आयसीसी येतो ०.९८.

आता दुसरी चार माणसं. पहिल्या दिवशी ०.४०, ०.४२, ०.४४, ०.४४. आठवड्यानंतर ०.४४, ०.४०, ०.४१, ०.४५. दोन दिवसांतला फरक इथे पहिल्या गटाहून जास्त नाही, उलट एकंदरीत कमीच आहे. तरी आयसीसी येतो ०.०७. कारण ही माणसं मुळातच एकमेकांसारखी आहेत आणि त्यांच्यातला फरक दिवसागणिक होणाऱ्या चढउतारात बुडून जातो. कोण पुढे, कोण मागे, हे दुसऱ्या दिवशी सांगता येत नाही.

दोन्ही गटांची दोन्ही दिवसांची सरासरी काढून पाहा. चारही वेळा ०.४२५ येते. म्हणजे सरासरी अगदी हुबेहूब परत आली, तरी माणसामाणसांतला फरक एका गटात पक्का निघाला आणि दुसऱ्यात जवळजवळ नाहीच. ‘आमचं मोजमाप विश्वासार्ह आहे’ असं कोणी म्हटलं की म्हणून आधी विचारावं, सरासरीबद्दल बोलताय की एकेका माणसाबद्दल? मानसशास्त्रात ही कोंडी २०१८ साली क्रेग हेज आणि सहकाऱ्यांनी स्पष्ट मांडली. ज्या चाचण्यांत जवळजवळ प्रत्येक माणूस सारखाच परिणाम दाखवतो, आणि म्हणून ज्या प्रयोगांत हमखास यशस्वी होतात, त्याच चाचण्या माणसामाणसांतला फरक दाखवायला कुचकामी ठरू शकतात.

आयसीसीला विशेषणं लावायचीही एक सवय आहे. १९९४ च्या एका प्रचलित निकषानुसार ०.६० ते ०.७४ म्हणजे ‘चांगला’ आणि ०.७५ च्या पुढे ‘उत्कृष्ट’. २०१६ च्या दुसऱ्या निकषानुसार ०.५० ते ०.७५ म्हणजे जेमतेम ‘मध्यम’ आणि ‘उत्कृष्ट’ फक्त ०.९० च्या पुढे. एकच ०.६२ एका लेखात ‘चांगला’ होतो, दुसऱ्यात ‘मध्यम’. विशेषण सोडून आकडा पाहावा, आणि त्या आकड्याभोवतीची अनिश्चिततेची कक्षाही पाहावी. वीसेक माणसांच्या अभ्यासात ती कक्षा बरीच रुंद असते.

मग एकेका रेषेचा आयसीसी प्रत्यक्षात किती येतो? एफएमआरआयवरच्या २५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी निघाली ०.२९. हे त्या मोठ्या, महागड्या चुंबकी यंत्राचं. प्रकाशाच्या टोपीकडून एकेका रेषेबद्दल याहून फार मोठी अपेक्षा धरायला सबळ कारण मला दिसत नाही. पण चित्र एवढं निराशाजनकही नाही, कारण जाळं म्हणजे काही एकच रेषा नव्हे. संपूर्ण नकाशा घेऊन आजचा आणि पुढच्या आठवड्याचा ताडून पाहिला तर साम्य भरपूर दिसतं. अनेक माणसांच्या सरासरीचा नकाशा तर त्याहून स्थिर असतो. एका बिंदूला एकूण किती रेषा येतात हा आकडा एकेका रेषेपेक्षा पक्का असतो, कारण अनेक रेषांची बेरीज घेताना एकीची चूक दुसरीच्या चुकीत विरून जाते. याउलट ‘किती छोटे रस्ते या बिंदूवरून जातात’ असं मोजणारं माप नाजूक असतं. उंबरठ्याजवळची एक रेषा आज आली आणि उद्या गेली, की जवळचे सगळे रस्तेच दुसरीकडून वळतात.

कमी भरवशाच्या मोजमापाची किंमत संशोधनात कशी मोजावी लागते तेही पाहू. समजा मेंदूतल्या एका रेषेचं आणि एखाद्या क्षमतेचं खरं नातं ०.५ इतकं आहे, म्हणजे बऱ्यापैकी घट्ट. रेषेच्या मोजमापाची विश्वासार्हता ०.२९ आणि क्षमतेच्या चाचणीची ०.८० असेल, तर प्रत्यक्ष आकडेवारीत हे नातं साधारण ०.२४ दिसेल. हे सूत्र चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये दिलेलं आहे. नातं निम्म्यावर आलं की ते पकडायला माणसं चौपटीच्या आसपास लागतात. छोट्या अभ्यासांत एकदा ‘सापडलेल्या’ रेषा पुढच्या अभ्यासात का सापडत नाहीत, याचं एक मोठं कारण इथे आहे.

किती वेळ बसवायचं

टोपी सेकंदाला दहा वेळा नोंद घेते असं धरू. पाच मिनिटांत तीन हजार नोंदी. भरपूर वाटतात. पण ज्या संथ लयीच्या आपण शोधात आहोत तिची खालची मर्यादा ०.०१ हर्ट्झ, म्हणजे एका आवर्तनाला शंभर सेकंद. पाच मिनिटांत अशी आवर्तनं बसतात फक्त तीन. तीन वेळा दोन आलेख एकत्र वर गेले यावरून त्यांचं नातं ठरवायचं हे किती तकलादू आहे ते वेगळं सांगायला नको. सगळ्या नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं धरून गणित केलं की सांख्यिकी चाचणी फसते आणि नसलेल्या रेषा ‘ठामपणे’ दाखवते. प्रत्येक नोंद तिच्या आधीच्या नोंदीवर किती अवलंबून आहे ते आधी वजा करण्याच्या पद्धती उपलब्ध आहेत, पण त्या सगळे वापरत नाहीत.

गटाची सरासरी काही मिनिटांत बऱ्यापैकी स्थिरावते, म्हणून पाच-सात मिनिटांच्या बैठका रूढ झाल्या. एका माणसाचं जाळं पक्कं करायचं तर वेगळाच हिशेब लागतो. एफएमआरआयमध्ये ‘मिडनाइट स्कॅन क्लब’ नावाचा प्रकल्प झाला, त्याचे निकाल २०१७ साली आले. फक्त दहा माणसं, पण प्रत्येकाची निवांत अवस्थेतली पाच तासांची नोंद. एवढा वेळ दिल्यावर प्रत्येकाच्या मेंदूची खास ठेवण दिसायला लागली, जी सरासरीत पुसली गेली होती. टोपीच्या बाबतीत इथे खरी संधी आहे. ती हलकी आहे, आवाज करत नाही, माणसाला नळीत झोपावं लागत नाही. एकाच माणसाला पुन्हा पुन्हा मोजणं या यंत्राला जितकं सोपं आहे तितकं एफएमआरआयला कधीच नव्हतं. त्याचा फायदा घ्यायचा सोडून छोट्या बैठकांवरच समाधान मानलं जातं याचं मला खरंच वाईट वाटतं.

पुन्हा तेच आलं, पण ते होतं कोणाचं?

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. मुसळधार पाऊस पडू लागला की दोन शेजारच्या घरांच्या पत्र्यांवर एकाच वेळी आवाज होतो आणि एकाच वेळी थांबतो. तेवढ्यावरून त्या दोन घरांत बोलणं चालू आहे असं कोणी म्हणणार नाही. डोक्यावरच्या चॅनलचं नेमकं असंच होतं. रक्तदाब चढला-उतरला, श्वास खोल झाला, रक्तातला कार्बन डायऑक्साइड बदलला, की सगळ्या टाळूतलं रक्त एकदम हलतं. सगळे आलेख एकदम वर, एकदम खाली. संगणक इमानेइतबारे सगळीकडे रेषा काढतो.

हृदयाचे ठोके साधारण एका हर्ट्झला आणि श्वास ०.२ ते ०.३ हर्ट्झला असतो. हे दोन्ही गाळून काढता येतात, कारण आपली लय त्यांच्या बरीच खाली आहे. पण रक्तदाबाच्या स्वतःच्या लाटा असतात, त्यांना मेयर लाटा म्हणतात, आणि त्या ०.१ हर्ट्झच्या आसपास. म्हणजे आपण ज्या पट्ट्यात मेंदू शोधतोय त्याच्या काठावरच. गाळणी लावून त्या नीट वेगळ्या होत नाहीत.

यावरचा उपाय देखणा आहे. दिव्याच्या अगदी जवळ, प्रौढांमध्ये साधारण आठ मिलिमीटरवर, एक जादा संवेदक बसवायचा. इतक्या जवळच्या जोडीतला प्रकाश टाळूतूनच परततो, मेंदूपर्यंत जवळजवळ पोचतच नाही. त्याचा आलेख म्हणजे निव्वळ त्वचेचा आलेख. तो लांबच्या चॅनलमधून वजा करायचा. नवजात बाळाची कवटी आणि त्वचा इतकी पातळ असते की हेच अंतर दोनेक मिलिमीटरवर आणावं लागतं.

गोम अशी, की त्वचेची आणि कवटीची ही लुडबुड दरवेळी वेगळी नसते. कवटीची जाडी प्रत्येकाची ठरलेली. टाळूतल्या मोठ्या शिरा कुठून जातात ते ठरलेलं. केस कुठे दाट, कुठे विरळ, तेही बरेच दिवस तसंच राहतं. बसल्या जागी चुळबुळ करण्याची सवयसुद्धा माणसागणिक वेगळी आणि टिकाऊ असते, आणि टोपी हलली की अनेक चॅनल एकदम उसळतात. या सगळ्या गोष्टी माणसामाणसांत वेगळ्या आणि एका माणसात स्थिर. आयसीसीला नेमकं हेच हवं असतं. परिणामी मेंदूशी संबंध नसलेल्या गोष्टींमुळे आयसीसी वाढू शकतो. आणि त्वचेचा वाटा नीट वजा केल्यावर, मोजमाप मेंदूच्या जवळ आल्यावर, तोच आकडा खाली येऊ शकतो. खाली आलेला आकडा पाहून संशोधकाने सफाईच सोडून दिली तर ते मोजमाप बिघडवणं होईल, कितीही ‘उत्कृष्ट’ विशेषण मिळालं तरी.

दोन हिमोग्लोबिनांमध्येही अशीच ओढाताण दिसते. ऑक्सिजनवालं हिमोग्लोबिन मोठा, स्वच्छ आलेख देतं, म्हणून बरेच जण तेवढंच दाखवतात. पण शरीरभर चालणाऱ्या चढउतारांचा रंगही त्यालाच जास्त लागतो. ऑक्सिजन नसलेल्याचा आलेख बारीक आणि गोंगाटाचा, तरी त्वचेच्या लुडबुडीपासून तुलनेने दूर. दोन्ही दाखवणाऱ्या लेखावर माझा विश्वास जास्त बसतो. आणि एक चाचणी मला फार कमी ठिकाणी दिसते, ती सगळ्यांनी करावी असं वाटतं: जवळच्या, निव्वळ त्वचेच्या चॅनलांचंच जाळं काढून त्याचा आयसीसी छापायचा. तो मेंदूच्या जाळ्याइतकाच आला, तर वाचकाला कळायला हवं.

टोपी घालणारे हात

मोजमापाचा बराचसा भाग संगणक सुरू होण्याआधीच ठरतो. नाकाच्या मुळाशी असलेल्या खाचेपासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप लावायची. मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. दोन्हींचा मध्य जिथे मिळतो तिथे खूण करायची आणि टोपीचा मधला बिंदू त्यावर आणायचा. नंतर प्रत्येक दिव्याखालचे आणि संवेदकाखालचे केस बोथट काडीने बाजूला सारायचे, त्वचा दिसेपर्यंत. दाट केसांच्या माणसाला यात बराच वेळ जातो. टोपी पुढच्या आठवड्यात एक सेंटिमीटर मागे बसली तर तोच चॅनल मेंदूच्या शेजारच्या वळीवर जातो. रेषा बदलते, मेंदू नाही.

केस आणि त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य प्रकाश शोषतात. काळ्याभोर, दाट, कुरळ्या केसांच्या आणि गडद वर्णाच्या माणसांत आलेख कमकुवत येतो, आणि ‘दर्जा पुरेसा नाही’ म्हणून अशा माणसांच्या नोंदी गाळल्या जातात. उरलेल्यांवर काढलेला छान आयसीसी मग सगळ्या मानवजातीचा म्हणून छापला जातो. बोटाच्या ऑक्सिमीटरमध्ये हेच दुखणं किती गंभीर आहे ते २०२० साली अमेरिकेतल्या रुग्णांवरून समोर आलं. ऑक्सिमीटर ठीक आकडा दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात धोक्याइतका कमी असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांच्या नोंदींत ११.७ टक्के होतं, गोऱ्यांच्या नोंदींत ३.६ टक्के. किती जणांच्या आणि कशा केसांच्या, कशा वर्णाच्या माणसांच्या नोंदी गाळल्या, हे प्रत्येक अभ्यासाने लिहायलाच हवं. कोणाच्या मेंदूबद्दल आपल्याला काही माहीतच नाही, हे त्यावरून कळतं.

हातांनंतर डोकी येतात, विश्लेषण करणाऱ्यांची. ‘फ्रेश’ नावाच्या उपक्रमात ३८ संशोधक गटांना एकच आकडेवारी दिली गेली आणि आपापल्या पद्धतीने उत्तर काढायला सांगितलं. निकाल २०२५ साली प्रसिद्ध झाले. गटाच्या पातळीवरच्या निष्कर्षांवर जवळपास ८० टक्के संघ सहमत होते, तेही मुख्यतः जिथे आधीच्या संशोधनाचा भक्कम आधार होता तिथे. एकेका माणसाच्या पातळीवर सहमती कमी झाली. खराब नोंदींचं काय करायचं, प्रतिसादाचा आकार कसा धरायचा, कुठली सांख्यिकी लावायची, इथे वाटा फुटल्या. हा अभ्यास ठरावीक काम करतानाच्या मेंदूबद्दल होता. जाळ्याच्या विश्लेषणात यांशिवाय उंबरठा किती, उणे सहसंबंधांचं काय, रेषांना वजन द्यायचं की नाही, असे आणखी फाटे आहेत.

मग वापरायचं कशासाठी

कानात कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठीचं विद्युत उपकरण, बसवलेल्या मुलाला एफएमआरआयच्या चुंबकात घालणं अवघड. तान्हं बाळ नळीत शांत पडून राहत नाही. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला यंत्रापर्यंत नेणंच धोक्याचं असतं. अशा माणसांसाठी ही टोपी कित्येकदा एकमेव खिडकी आहे, म्हणून तिच्यावर एवढी मेहनत घ्यायची. दोन गटांची तुलना, वयानुसार जाळ्यात होणारा बदल, डाव्या-उजव्या बाजूंचे ठळक दुवे, संपूर्ण नकाशाची ठेवण, इथे तिचं उत्तर आज बऱ्यापैकी भरवशाचं आहे. ‘तुमच्या मेंदूतला हा एक दुवा कमजोर आहे’ असं एका बैठकीवरून एका माणसाला सांगण्याइतकं मात्र नाही.

उपचारांच्या बाबतीत हा फरक आकड्यांत दाखवता येतो. समजा एका रेषेच्या ताकदीत माणसामाणसांमध्ये पसारा (प्रमाण विचलन) ०.१५ आहे आणि आयसीसी ०.५० आहे. या दोन आकड्यांवरून हिशेब केला तर एकाच माणसाच्या दोन बैठकांमध्ये ०.२९ पर्यंतचा फरक निव्वळ मोजमापाच्या चढउतारानेही येऊ शकतो. रुग्णाची रेषा उपचाराआधी ०.४० होती आणि नंतर ०.५५ झाली, तर सुधारणा झाली असं त्या आकड्यावरून म्हणता येत नाही. त्यासाठी ती ०.७० च्या आसपास जायला हवी, किंवा उपचार सुरू होण्याआधीच त्या रुग्णाच्या तीन-चार बैठका घेऊन त्याचा स्वतःचा चढउतार किती असतो ते आधी मोजून ठेवायला हवं.